मालकांचा मीडियम

३ जुलै

प्रिय मेहुणेबुवा,

फोन सोडून पत्र लिहायला बसलोय, कारण हा विषय फोनवर बोलण्यातला नाही. शाळेतून बोलावं तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे कान माझ्याकडे, आणि घरून बोलावं तर तुझी ताई शेजारी बसून तोंड दाबून हसते. तिकडून तूही खिदळतोस. कागदाला निदान हसता येत नाही.

दरवर्षीप्रमाणे तुमच्या कारखान्याच्या चड्ड्यांचं खोकं मिळालं. कटिंग मास्टर मेहुणा असण्याचा आम्हाला तेवढाच काय तो फायदा. आता त्या फायद्याबद्दल दोन शब्द बोलतो, राग मानू नकोस.

खोक्यावर तो नेहमीचा पठ्ठ्या आहे, हाताची घडी घालून कुठेतरी लांब बघत उभा. इतकी वर्षं मी त्याला बघतोय, तो एकदाही खाली बसलेला नाही. बसला असता तर त्याला कळलं असतं. आपण बसलो की कमरेचं इलॅस्टिक आपणहून गुंडाळी होऊन पोटाखाली जातं, मांडीवरची कड वर चढते आणि मधली शिवण नको तिथे ठाण मांडते. पुढे जे दार ठेवलंय ते कुणासाठी ठेवलंय, हेही एकदा सांग. बाहेरची वाट डावीकडून, आतली उजवीकडून. घाईत असलेल्या माणसाने तिथे वाट शोधायची की देवाचं नाव घ्यायचं? त्या दाराने गेलेला आणि सुखरूप परत आलेला गृहस्थ मला अजून भेटलेला नाही.

हे सगळं आजवर सोसलं. या बाबतीत पुरुषाच्या जातीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण यंदा तुमचा मीडियम सैल आहे. थोडाथोडका नाही. काल सकाळी मैदानावर सगळी शाळा समोर उभी, मी हात वर घेऊन उडी मारली आणि ट्रॅकपँटच्या आतल्या आत ती माझा निरोप घेऊन गुडघ्यापर्यंत गेली. ड्रिल अर्ध्यात थांबवणं माझ्या रक्तात नाही. मी गुडघे घट्ट जुळवून पुढचे सगळे प्रकार पूर्ण केले. पोरं बिचारी आज्ञाधारक, सर करतील तसं करणारी. पाच-सहाशे पोरं गुडघे जुळवून बदकासारखी उड्या मारत होती आणि मुख्याध्यापिका बाई गॅलरीतून बघत होत्या. नंतर त्यांनी मला विचारलं, हा नवीन प्रकार कुठल्या शिबिरात शिकलात?

तर माप बिघडलंय, ते बघ.

तुझा,
दाजी

*

१४ जुलै

ती. दाजींना नमस्कार,

पत्र वाचलं. बदकांचं वाचताना जेवणाच्या सुट्टीत घास घशात अडकला, तेव्हा तुमचा सूड पूर्ण झाला असं समजा.

बाकीच्या तक्रारी मान्य. दाराचं म्हणाल तर ते कुणीच वापरत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ते काढलं तर गिऱ्हाईक म्हणतं की ही बायकांची झाली. म्हणून ठेवावं लागतं. काही घरांत नाही का, पुढचं दार असतं आणि सगळे मागच्या दाराने येतात-जातात.

मात्र मापाबद्दल बोलायचं नाही, दाजी. मी या टेबलावर उभा राहिल्यापासून आमचा मीडियम सुताइतकाही हललेला नाही. सूर्य इकडचा तिकडे होईल, आमचा मीडियम होणार नाही. हे मी तुम्हाला माझ्या कात्रीची शपथ घेऊन सांगतो. सैल झाली असेल तर चड्डी नाही, तुम्ही बारीक झालात. वय झालं की माणूस आटतो. ताईला म्हणावं, जरा खाऊ-पिऊ घाल.

तुमचा,
मास्टर

*

१ ऑगस्ट

प्रिय मेहुणेबुवा,

तू शपथ घेतलीस म्हणून बरं झालं. नाहीतर मी चड्डीलाच दोष देत बसलो असतो आणि दुखणं आत वाढत गेलं असतं.

मी मीडियम आहे. कॉलेजात कुस्ती खेळायचो तेव्हापासून मीडियम. लग्नात मीडियम, मुलं झाली तेव्हा मीडियम. माणसाचं केस, दात, मित्र सगळं जातं, पण माझी कंबर कधी गेली नव्हती. आता माप तेच आणि माझ्या कमरेवर दोन बोटं आत जातात. म्हणजे कोण घटलं, हे सांगायला गणिताचे सर नकोत.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त घेतलं, फोटो काढले, पोट दाबलं आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. रिपोर्ट इतके स्वच्छ आलेत की मला जास्त भीती वाटली. साधा आजार असता तर सापडला असता. वजनकाट्यावर वजन तेवढंच भरतं, पण तो शाळेतला काटा आहे आणि तो जड दाखवतो असं सगळ्या शिक्षिका एकमुखाने सांगतात. तुझ्या ताईने टेप लावून बघितली. आकडा जुनाच आला. ती टेप माझ्या पँटच्या खिशात दोनदा धुतली गेलीय, आटली असणार.

घाबरलोय रे. बाहेर कुणाला सांगत नाही, तुला सांगतो. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना छाती पुढे, पोट आत असं ओरडून सांगितलं, त्याचंच अंग आतून वितळायला लागलं तर त्याने कुणासमोर उभं राहायचं? परवापासून उड्या बंद केल्यात. उभ्या उभ्या शिट्टी वाजवतो.

माझं काही बरंवाईट झालं तर ताईकडे बघ. ती वरून कडक आहे, पण एकटी राहू शकत नाही.

तुझा,
दाजी

*

९ ऑगस्ट

ती. दाजी,

असं काही मनात आणू नका. डॉक्टर चांगलं म्हणतायत तर चांगलंच असेल. माणूस ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो. आमच्याकडे कापडसुद्धा होतं. पोटभर जेवा, भरपूर झोपा, आणि वाटल्यास काही दिवस चड्डीला आतून एक टाका मारून घ्या.

इकडे नवीन हंगामाची घाई आहे, म्हणून थोडक्यात आवरतो.

तुमचा,
मास्टर

*

२६ ऑगस्ट

बारक्या,

हे पत्र एकट्याने वाच.

तुझं कसलं थोडक्यात आवरणं? लहानपणी दूध सांडलंस की तू असाच दोन ओळींत बोलून खोलीबाहेर पळायचास. तेव्हाच मला शंका आली. काल ह्यांची जुनी, पायपुसणं करायला ठेवलेली मीडियम काढली, तुझी यंदाची मीडियम काढली, दोन्ही धुतल्या, वाळवल्या आणि एकीवर एक ठेवल्या. यंदाच्या चड्डीत जुनी मावली आणि वर माझा हातही मावला. माझा नवरा आटलेला नाही. तुझी चड्डी फुगलीय. आणि तू त्या माणसापुढे कात्रीची शपथ घेतोस?

इकडे काय चाललंय हे तुला समजावं म्हणून लिहिते. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिलाय. मुख्याध्यापिका बाई शहाण्या, त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवलाय आणि सप्टेंबरअखेरीपर्यंत बघू म्हणाल्यात. पण हे माघार घेणारे नाहीत. म्हणतात, मैदानावर कोसळण्यापेक्षा स्वतःच्या पायांनी बाहेर पडलेलं बरं. ज्या मैदानासाठी हा माणूस स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसाला उशिरा आला, ते मैदान सोडून घरात भिंतीकडे तोंड करून बसतो. मला त्यांच्याकडे बघवत नाही. मी चड्ड्या दाखवल्या तर म्हणाले, जुनी धुऊन धुऊन आखडली. माझं त्यांना पटत नाही, कारण मी बायको. तुझं पटतं, कारण तू मास्टर.

काय ते खरं सांग त्यांना. नाहीतर मी तिकडे येते आणि तुझ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर तुझा कान धरते.

ताई

*

३१ ऑगस्ट

ती. दाजी,

ताईचं पत्र आलं. आता लपवत नाही. तुम्ही ठणठणीत आहात. मीडियम वाढलाय आणि तो मीच वाढवलाय. का, ते ऐका.

आमच्याकडे मालकांच्या वडिलांपासून एक पद्धत आहे. हंगामाची पहिली मीडियम चड्डी मालकांनी स्वतः घालून बघायची. माल आधी मालकाच्या अंगावर, मग गिऱ्हाईकाच्या. कटिंग हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावतात, मालक आत जातात, बाहेर येऊन एक फेरी मारतात, स्टुलावर बसून बघतात आणि "बसली" म्हणतात. मग मशीन सुरू होतं आणि त्या मापाने वर्षभर माल निघतो. पद्धत चांगली आहे. मालकही तेव्हा तरुण होते आणि खरोखरच मीडियम होते.

मग त्यांचं पोट सुटायला लागलं. माझ्याआधीचे मास्टर सरळमार्गी, त्यांनी एका हंगामात सांगितलं की मालक, आता तुम्हाला लार्ज लागेल.  दुसऱ्या दिवसापासून ते मास्टर मोज्यांच्या गोडाऊनमध्ये आहेत आणि अजून जोड्या जुळवतायत. त्यांच्या जागी मला घेतलं. मी शहाणपणा शिकून आलो होतो. दर हंगामाला अर्धं बोट वाढवत गेलो. मालक मीडियम राहिले आणि माझी नोकरी राहिली.

गंमत म्हणजे खप वाढला. काल लार्ज घालणारे आज काही न करता मीडियम झाले, त्यांना वाटतं आपण बारीक झालो. असा माल कोण सोडेल? बायका ब्लाउज अर्धं बोट चुकला तर शिंप्याचं घर उन्हात बांधतात. पुरुष वर्षभर ओढत-सावरत फिरतो पण दुकानदाराला एक शब्द बोलत नाही. तुम्ही पहिले बोललात, आणि तुम्हालाच मी खोटं सांगितलं. यंदा मालकांनी सिगारेट सोडली आणि एकदम दोन बोटं वाढवावी लागली, तिथे तुम्ही सापडलात.

राजीनामा मागे घ्या. आणि हे कुठे बोलू नका, मोज्यांच्या गोडाऊनमध्ये अजून एक खुर्ची रिकामी आहे.

तुमचा,
मास्टर

*

६ सप्टेंबर

प्रिय मेहुणेबुवा,

तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. मरणाऱ्या माणसाला धीर द्यायला तू एवढी मोठी गोष्ट रचलीस. मालक, पडदा, स्टूल, मोज्यांचं गोडाऊन. तुझ्या अंगात ही कला आहे हे मला माहीत नव्हतं.

पण मी लहान मूल नाही. एका माणसाच्या पोटापायी अख्ख्या कारखान्याचं माप बदलतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही, हे मी कसं मानू? मी शाळेत नोकरी करतो. तिथेही वेडेपणा चालतो, पण त्याला निदान मीटिंग घ्यावी लागते.

तू प्रयत्न केलास, पोचला. महिनाअखेरीस मी मोकळा होतो.

तुझा,
दाजी

*

२० सप्टेंबर

ताई,

दाजींना मारून मुटकून गाडीत बसवलंस, त्याबद्दल तुझे उपकार. आता इथे काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. ते तुला वेगळंच काही सांगतील.

आज सकाळी मालकांची फेरी होती. मी दाजींना पाहुणे म्हणून हॉलमध्ये आणलं आणि कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभं केलं. बजावलं होतं की फक्त बघायचं. मालक पडद्याबाहेर आले, सदरा वर धरून फेरी मारली. सगळा हॉल मान डोलावत होता. मी तर कुणापेक्षाही जास्त. तेवढ्यात दाजी माझ्या कानात कुजबुजले, "हे गृहस्थ मीडियम?" त्यांची कुजबुज तुला माहीतच आहे, मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाते.

मालक थांबले. हे कोण म्हणून विचारलं. ओळख नाही म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दाजींचा चेहरा बघितला. खरंच खंगलेला दिसत होता गं, भीतीनेच. म्हणालो, माझे दाजी आहेत. मालकांनी शांतपणे त्यांना काय अडचण आहे ते विचारलं. दाजी पुढे आले, सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुमचा मीडियम घालतो आणि मला वाटतं की मी मरायला टेकलोय."

 मालकांनी टेबलावरची दुसरी मीडियम उचलून त्यांच्या हातात दिली आणि पडद्याकडे बोट केलं. दाजी बाहेर आले ते दोन्ही हातांनी ती धरून. मालक म्हणाले, सोडा. त्यांनी सोडली. गुडघ्यावर न थांबता ती थेट पायांत जाऊन पडली. सदरा लांब होता, तेवढी लाज राहिली. दाजी खाली बघत राहिले. मग मालकांकडे बघितलं, मग परत खाली. आणि हसायला लागले. हसता हसता रडले. तशा अवस्थेत, पायांत चड्डी घेऊन, एवढ्या लोकांसमोर मी इतका सुखी माणूस पाहिला नाही. 

मग मालक माझ्याकडे वळले. म्हणाले, "मास्टर, खरं सांगा. मी मीडियम आहे का?"

माझ्या नाकात मोज्यांचा वास यायला लागला. पण आता खोटं बोलायला जागाच नव्हती, पुरावा जमिनीवर पडला होता. म्हणालो, नाही मालक, बरीच वर्षं नाही. ते स्टुलावर बसले.  मग दाजींकडे बोट करून विचारलं, "आणि हे कोण?"

मी म्हणालो, आपल्या हल्लीच्या मापाने हे स्मॉल.

ताई, दाजींचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. कोण स्मॉल, असं त्यांनी मला विचारलं. मी परत सांगितलं. मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कुस्तीचा काळ काढला, दंड काढले, छाती काढली. आपण जन्मात कधी स्मॉल नव्हतो, स्मॉल हे सहावीतल्या पोरांचं माप, उद्या दुकानात मी कुठल्या तोंडाने मागू, असं बरंच काही बोलले. मघाशी मरायला टेकलेला माणूस आता माझ्या अंगावर धावून येत होता.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. उठले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बघा मास्टर. यांना जीव परत मिळाला, तरी स्मॉल नकोय. आणि मला तुम्ही लार्ज म्हणायला निघालात."

मग हात वर केला. मशीन सुरू झालं, त्याच मापाने. माझी नोकरी शाबूत आहे. देशातले समस्त पुरुष पुढचं वर्षभर आणखी बारीक होणार आणि खूश होणार. दोघंही नंतर मालकांच्या खोलीत चहा पीत बसले होते, जुन्या मित्रांसारखे, आणि हल्ली कापडाला कसा दम राहिला नाही यावर त्यांचं एकमत झालं.

तुझा,
बारक्या

*

२९ सप्टेंबर

प्रिय मेहुणेबुवा,

सुखरूप पोचलो. बाईंनी खणातून राजीनामा काढून दिला, मी तो त्यांच्यासमोर फाडला. सोमवारी मैदानावर हात वर घेऊन उडी मारली आणि सगळ्या पोरांनी माझ्यामागून मारली. त्यांना बरं वाटलं असेल-नसेल, मला वाटलं.

आता एक खाजगी काम. त्या दुसऱ्या मापाच्या, म्हणजे तू हॉलमध्ये जे नाव घेतलंस त्या मापाच्या, बारा चड्ड्या पाठव. अंगाला त्या बरोबर बसतील असं मला वाटतं, तेवढं मी मान्य करतो. पण प्रत्येकीचं लेबल उसवून तिथे मीडियमचं लेबल शिव. तुझ्या हाताखाली माणसं आहेत, फार वेळ जाणार नाही. मालकांना विचारलंस तरी हरकत नाही, ते समजून घेतील. फक्त तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये. ती नको तिथे नको तो अर्थ काढते.

तुझा,
दाजी

ता. क. बारक्या, पाकीट चिकटवून पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय. ते म्हणतायत तसं कर. लेबलं मीडियमचीच लाव. त्यांना आणखी खूश करायला म्हणून लार्जची लावू नकोस, नाहीतर अंगाला सूज आली म्हणतील आणि मला परत डॉक्टरकडे न्यावं लागेल. ताई.